गहिनीनाथ साहेबांची हद्द

"तो डबा भंगारात देऊन टाक," असं अमृत म्हणाला आणि मी फोन ठेवून दिला. अमृत म्हणजे माझा नवरा. तीन महिन्यांपूर्वी तो नोकरीसाठी जर्मनीला गेला होता, आणि घर आवरून, भांडीकुंडी वाटून मी मागाहून जायचं असं आमचं ठरलं होतं. माणूस चांगला आहे, पण दुसऱ्याच्या वस्तूंचा निकाल फार लवकर लावतो. आणि मला राग आला की माझं तोंड डोक्याच्या पुढे धावतं. म्हणून हल्ली मी फोन ठेवून देते. माझ्या मानाने ही मोठी सुधारणा आहे.

डब्याची गोष्ट अशी. जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. एक डबा घ्यायचा, त्यात छोटी वही आणि पेन्सिल घालायची, तो कुठेतरी लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या साइटवर टाकायचे. मग जगातला कुणीही माणूस मोबाईलवर बघत बघत तिथे येतो, डबा सापडला की वहीत सही करतो, डबा होता तसा ठेवतो आणि घरी जाऊन साइटवर चार ओळी लिहितो. बक्षीस नाही, काही नाही. माझ्या सासूबाई याला रिकामटेकडे उद्योग म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. अट एकच असते. ज्याने डबा लपवला त्याने तो सांभाळायचा. भिजला तर बदलायचा, चोरीला गेला तर नवा ठेवायचा. आणि गाव सोडून जायची वेळ आली तर तो दुसऱ्या कुणाच्या नावावर करून द्यायचा, नाहीतर काढून घ्यायचा.

नगर जिल्ह्यात माझे असे पाच डबे होते. नागापूरच्या एमआयडीसीतला आमच्याच कंपनीतल्या ओमने घेतला. देवळाली प्रवऱ्याचा, पाटाच्या कडेचा, आदिनाथ सर नावाच्या एका शिक्षकांनी घेतला. आधी म्हणाले, मला कुठे वेळ आहे. मग स्वतःच फोन करकरून विचारत होते, माझ्या नावावर झाला का. दोन डबे पुण्याच्या एका हौशी जोडप्याने मागून घेतले. राहिला शेवगावच्या पुढचा. तो कुणालाच नको होता. एवढ्या लांब कोण जाणार, असं सगळे म्हणायचे.

आणि नेमका तोच डबा माझ्या बाबांचा होता.

माझे बाबा, गहिनीनाथ ढाकणे, नागापूरला एका कारखान्यात टर्नर होते. उभं आयुष्य लेथ मशीनपुढे उभे राहिले. रिटायर झाले तेव्हा बरोबरच्या कामगारांनी वर्गणी काढून त्यांना स्टीलचा एक मोठा डबा दिला. झाकणावर मशीनने नाव घातलं होतं: 'श्री. गहिनीनाथ ढाकणे यांस सेवापूर्तीनिमित्त, नागापूर'. आई होती तोवर त्यात शेंगदाणे असायचे. आई गेली आणि डबा रिकामाच राहिला. मी या खेळाच्या नादी लागले तेव्हा एक दिवस बाबांनी तो माझ्यापुढे आणून ठेवला. म्हणाले, "घे, माझा पण एक लपव."

आम्ही त्यांच्या स्प्लेंडरवरून शेवगावच्या पुढे गेलो. कपाशीच्या दोन वावरांमध्ये एक बांध होता, बांधावर हिवराचं झाड, झाडाखाली दगडांची रास, आणि लांबवर जायकवाडीचं पाणी चमकत होतं. बाबांना ती जागा फारच आवडली. मी मोबाईल धरून आकडे जुळवत बसले आणि बाबा खुरपणाऱ्या एका म्हातारीला विचारायला गेले. बऱ्याच वेळाने परत आले. "विचारलं. ठेवा म्हणाली. चहासुद्धा पाजला," असं म्हणाले. मला चहा न मिळाल्याबद्दल मी थोडी कुरकुर केली, दगड सारून डबा आत ठेवला आणि आम्ही परतलो.

पुढच्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. दोन वर्षं ते अंथरुणावर होते. तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी साइटवर लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवायची. या डब्याबद्दल लोक काहीतरी भलतंच लिहायचे. 'डबा ठणठणीत कोरडा. दोन घरांतून चहा. नाही म्हणायची सोय नाही.' कुणी लिहायचं, 'एका घरी चहा घेतला म्हणून दुसरं घर रुसलं, मग तिथेही घेतला.' एकाला भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या होत्या, त्याही दोन पिशव्यांत. बाबा अर्ध्या तोंडाने हसायचे आणि जड जिभेने म्हणायचे, "चांगली माणसं आहेत." माझे बाकीचे डबे दर पावसाळ्यात गंजायचे, वह्यांचा लगदा व्हायचा. या एका डब्याला कधी हात लावावा लागला नाही. कोण सांभाळत होतं, देव जाणे. बाबा गेल्यानंतर तर मला तिकडे जाववलंच नाही. आता त्यालाही दोन वर्षं झाली.

अमृतचा फोन ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, जानेवारीतल्या एका रविवारी, मी स्प्लेंडर काढली. तीही ओमला विकलेली होती, शेवटची फेरी म्हणून मागून घेतली. मनाशी पक्कं केलं होतं. तिथे कुणी विश्वासाचं माणूस भेटलं तर डबा त्याच्या हवाली करायचा, नाहीतर कपड्यांत गुंडाळून जर्मनीला न्यायचा. अमृतच्या नाकावर टिच्चून स्वयंपाकघरात ठेवायचा.

तिथे पोहोचले आणि आधी बांधच ओळखू येईना. केवढा रुंद झाला होता! आपल्याकडे बांध दरवर्षी बारीक होत जातो, दोन्हीकडून नांगर त्याला खात असतो. या बांधाच्या दोन्ही अंगांना चांगली बैलगाडी जाईल एवढी जागा पडीक सोडलेली होती आणि तिथे गुडघाभर गवत वाळलं होतं. मी दगडांच्या राशीपाशी वाकले, एवढ्यात डावीकडच्या वावरातून हाक आली.

"राम राम मॅडम! चहा ठिवलाय!"

लगेच उजवीकडून दुसरी. "इकडं या मॅडम, आमचा उकळला बी!"

दोन्हीकडून दोघं जण पळत आले. डावीकडचे आबासाहेब, पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर टोपी. उजवीकडचा त्यांचा धाकटा सख्खा भाऊ, हनुमंत. दोघांचं नाक अगदी एकासारखं एक. दोघेही आपापल्या बाजूच्या गवताशी येऊन थांबले, आत पाय टाकला नाही. हिवराच्या सावलीला त्यांची आई, दगडाबाई, तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागली.

"मी हा डबा बघायला आलेय," मी म्हणाले. "परदेशात राहायला चाललेय, कदाचित घेऊनच जाईन."

दोघांचे चेहरे पडले.

"नेनार?" आबासाहेब म्हणाले. "मंग आमची हद्द?"

"कसली हद्द?"

"तुमाला गहिनीनाथ सायबांनी पाठिवलं का?" हनुमंतने विचारलं.

बाबांचं नाव. कधी न पाहिलेल्या माणसाच्या तोंडून, आणि त्याला साहेब जोडलेलं. मी होते तिथे दगडावर बसले.

"कोण गहिनीनाथ साहेब?" मी कसंबसं विचारलं.

"आता! मोजनीचे सायब," हनुमंत म्हणाला. मला एवढंही ठाऊक नाही याचं त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं. "रिटायर होता होता त्यांनी आमचा बांध मोजला, आन निशानी म्हनून ह्यो डबा ठिवला. झाकनावर नाव हाय की, सेवापूर्ती म्हनून. तवापास्नं हापिसातली मानसं येत्यात. मोबाईलात बघत बघत बरूबर हितंच येत्यात, वहीत सही मारत्यात आन जात्यात. एकडाव तर गोरा सायब आल्ता."

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोबाईल हातात धरून, दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे करत बांधावर फिरणारी माणसं. शेतकऱ्याला ती दुसरी कोण वाटणार?

"आणि चहा?" मी विचारलं.

आबासाहेब जरा लाजले. "आता मोजनीच्या मानसानं एकाच घरी चहा घ्यायचा म्हंजी..."

"मोजनी त्या घराकडं झुकती," हनुमंतने वाक्य पुरं केलं.

मला हसू फुटणारच होतं, पण आबासाहेबांनी पुढे जे सांगितलं त्याने ते घशातच राहिलं. डबा यायच्या आधी या बांधावरून दोघांत उभा दावा होता. दरसाल हा त्याच्यात वीतभर नांगर घालायचा, तो ह्याच्यात. बोलणं बंद, विहिरीवर पाळी लावायची तर मध्ये तिसरा माणूस लागायचा. एका पेरणीला कुऱ्हाडी निघाल्या. आई मध्ये पडली. दगडाबाईने आपला उजवा हात जरा वर केला. मनगट वाकडं बसलेलं होतं.

"डबा आला आन समदं थांबलं," आबासाहेब म्हणाले. "सरकारी निशानीला कोन हात लावतंय? म्हनलं, चार पावलं सोडूनच नांगरावं. ह्यानं बी सोडलं. पावसाळ्यात डबा पुसायचा, कोरडी पिशवी घालायची, पर एकट्यानं न्हाई. दोघांसमक्ष उघडायचा, दोघांसमक्ष लावायचा, असं ठरलं. मंग त्या निमतानं बोलाया लागलो."

म्हणजे माझा डबा पाच वर्षं कोरडा का राहिला, ते हे होतं. खताच्या गोणीतली जाड पिशवी, तिला वरून सुतळी, आणि दोन भाऊ समोरासमोर उकिडवे बसून माझ्या बाबांचं नाव फडक्याने पुसताना माझ्या डोळ्यांसमोर आले.

"पोरी," दगडाबाई पहिल्यांदाच बोलली, "आदी च्या पी. मंग काय त्ये बोल."

बोलताना तिने माझ्याकडे असं रोखून पाहिलं की शहाण्या माणसाने मुकाट्याने चहाच प्यायला असता. पण आबासाहेब म्हणाले, "सायबांस्नी सांगा, मोजनीचा नकाशा तेवढा लवकर पाठवा," आणि मला ते सहन झालं नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर मी नकाशाची वाट बघायला लावू? माझं तोंड डोक्याच्या पुढे धावलं.

"नकाशा यायचा नाही," मी म्हणाले. "माझे बाबा होते ते. मोजणीचे साहेब नव्हते, नागापूरच्या कारखान्यात टर्नर होते. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. आणि ही मोजणी नाही, खेळ आहे. लपवाछपवीचा खेळ. येणारी माणसंही कुठल्या ऑफिसातली नाहीत, हौशी आहेत."

हनुमंतची बायको रेश्मा चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती वाटेतच थांबली.

"खेळ?" हनुमंत म्हणाला. त्याचा आवाज चढत गेला. "पाच वर्सं आमी एका खेळन्याला भिऊन रान पडीक ठिवलं?" तो गवतातून तरातरा आत आला, रास उसकटली, पिशवी ओढून काढली, सुतळी तोडली आणि डबा हातात घेतला. मी उठून उभी राहिले. मला स्वतःचीच भयंकर चीड आली. दहा मिनिटांपूर्वी या बांधावर शांतता होती, आणि मी येऊन ती मोडली होती. कुऱ्हाडी कुठे ठेवलेल्या असतील, असा विचारसुद्धा माझ्या मनात येऊन गेला.

"मला ठाव हुतं," दगडाबाई म्हणाली.

दोन्ही भाऊ आईकडे वळले.

"हिच्या बापानंच सांगितलं हुतं. म्हनला, बाई, लेकीला ह्या खेळाची हौस हाय, तुमच्या बांधावर डबा ठिवू का. म्या म्हनलं, ठिवा. मंग तुमी इचारलं, बांधावर कोन आल्तं, तर म्या म्हनलं, एक सायब आल्ते. एवढंच म्हनलं. बाकीची मोजनी तुमची तुमीच केली."

"पर सायब कशापायी म्हनलीस?" आबासाहेबांनी विचारलं.

"मंग काय म्हनू?" म्हातारी फणकारली. "आपल्या रानात कोनबी येतं, न इचारता खांब रवून जातं. ह्यो मानूस उन्हात टोपी काढून हुबा राह्यला आन मला, खुरपं धरल्याल्या बाईला, इचारलं, ठिवू का म्हनून. त्याला सायब न्हाई म्हनायचं तर कुनाला?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आयुष्यभर बाबा दुसऱ्यांना साहेब म्हणत आले. सुपरवायझरला साहेब, बँकेतल्या कारकुनाला साहेब, आजारपणात सुई टोचायला येणाऱ्या पोरालासुद्धा साहेब. त्यांना स्वतःला कुणी साहेब म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि इथे, नगरपासून इतक्या लांब, दोन घरं त्यांना पाच वर्षं साहेब म्हणत होती.

हनुमंत डबा धरून तसाच उभा होता. दगडाबाईने त्याला सोडलं नाही. "काढलाच हाय तर दे तिला. जाऊ दे घेऊन परदेशात. पर तिच्यासमूर एक सांग, उद्या कुठवर नांगरशील?"

हनुमंतने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"म्या तरी कुठवर नांगरू?" आबासाहेब हळूच म्हणाले. मग त्यांनीही गवतात पाय टाकला आणि भावाच्या जवळ येऊन उभे राहिले. "ठिव बाबा. हुता तितं ठिव."

"पर त्यो सरकारी न्हाई, दादा."

"न्हाई, म्हनून तर ठिव म्हनतो. सरकारी मोजनी झाली आसती तर तू म्हनला आसतास, म्या पैसं चारलं. म्या म्हनलो आसतो, तू चारलं. ह्या मानसाला तर आपल्या दोघांची नावं बी ठाव नव्हती. त्यानं तुझ्याकडं झुकतं माप दिलं न्हाई, माझ्याकडं बी न्हाई. आसला मोजनीवाला आपल्याला कुठं गावनार हाय?"

हनुमंतने झाकणावरचं नाव वाचलं. मग त्याने सदऱ्याच्या बाहीने ते पुसलं, पिशवीत डबा घातला, खाली बसला आणि म्हणाला, "ये, बघ तू बी. हीच जागा ना? मागनं म्हनशील, सरकिवला."

"जरा माझ्याकडं गेला," आबासाहेब म्हणाले.

"तुझ्याकडं कुठं? आदी हितंच हुता."

पुन्हा जुंपते की काय असं वाटायला लागलं. तेवढ्यात दगडाबाई मला म्हणाली, "तुज्या मोबाईलात दिसतंय ना? बघ की."

मी मोबाईल काढला. आकडे बघत दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे केलं. दोघं भाऊ श्वास रोखून माझ्या पायांकडे बघत होते. आता खरी गोष्ट अशी आहे, की मोबाईल दोन-तीन मीटर इकडेतिकडे सहज चुकतो. खेळात त्याने काही बिघडत नाही, पण बांधाच्या भांडणात दोन-तीन मीटर म्हणजे केवढं, हे मला माहीत होतं. ते सांगायला माझं तोंड उघडलंसुद्धा. दगडाबाईने वाकड्या मनगटाचा हात गुडघ्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हीच जागा," मी म्हणाले. आणि तोंड बंद केलं.

मग चहा झाला. दोन्ही घरचा, पण हिवराखाली एकत्र. मी दगडाबाईच्या पाया पडले आणि आभार मानायला लागले. माझ्या बाबांना चहा पाजल्याबद्दल, त्यांचा डबा कोरडा ठेवल्याबद्दल, त्यांचं नाव पुसत राहिल्याबद्दल. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आगं, आमीच आभार मानावं. तुज्या बापानं माझी दोन लेकरं एका जागी बसिवली."

डबा नावावर करायचा तर साइटवर खातं लागतं. रेश्माने तिच्या मोबाईलवर ते उघडायला घेतलं. नाव काय टाकू, असं तिने विचारल्यावर लगेच दोघं भाऊ सुरू झाले. थोरला म्हणून आधी माझं, तर मोबाईल माझ्या बायकोचा म्हणून आधी माझं.

"सायबाचं घाल," म्हातारी म्हणाली, आणि वाद मिटला.

मी तिथूनच डबा त्या खात्याकडे सोपवला. निघताना गाडीला शेंगांच्या दोन पिशव्या लटकवल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी तोलून बघितलेल्या असणार. जर्मनीत उतरले तेव्हा अमृतने पहिला प्रश्न केला, "डब्याचं काय केलंस?" मी म्हटलं, "योग्य माणसाच्या ताब्यात दिला," आणि शेंगा त्याच्या पुढ्यात ओतल्या. तो निमूटपणे सोलत बसला.

जुलैत, तिकडे पावसाळा चालू असताना, एका संध्याकाळी साइटवरून मेल आला. डबा दुसऱ्याच्या नावावर झाला तरी त्याची खबर मला अजून येते. डब्याच्या पालकाने नोंद केली होती. वर पालकाचं नाव होतं, गहिनीनाथ साहेब, आणि खाली दोन ओळी.

'पाऊस बरा हाय. डबा दोघांसमक्ष उघडला, कोरडा हाय. नाव पुसून घेतलं.'